करंजपेठेच्या वेशीला दारं का नाहीत

करंजपेठेत राहायला आलेला माणूस महिन्याभरात शहराचं कौतुक सांगू लागतो. घरभाडं पुण्याच्या निम्मं, दुपारी कामावरून जेवायला घरी जाता येतं, नळाला रोज पाणी, सूतगिरणीपासून संगणकाच्या कंपन्यांपर्यंत हाताला काम. आणखी एक गोष्ट तो जरा चकित होऊन सांगतो. घर बघायला गेलो तर मालकाने आधी पाण्याचा तांब्या पुढे केला, आडनाव विचारलंच नाही! एवढं ऐकलं, की पेठेतली जुनी माणसं त्याला जुन्या वेशीपाशी घेऊन जातात. दगडी कमान शाबूत आहे, दारं बसवायच्या खोबणी शाबूत आहेत, पण दारं नाहीत. ती चोरांनी नेली नाहीत की वाळवीने खाल्ली नाहीत. त्यांचं काय झालं ते आधी ऐकून घ्यावं, मग शहराचं कौतुक खुशाल करावं.

फार पूर्वी इथे लहानशी पेठ होती, असं सांगतात. वेशीवर धारोजी नाईक राखणीला असे. शब्दाला पक्का माणूस, आणि त्याचा त्याला गर्वही होता. एका वर्षी मुलखात दुष्काळ पडला. आसपासच्या विहिरींनी तळ गाठला, पेठेतल्या थोरल्या विहिरीचं पाणी मात्र टिकून होतं. साहजिकच माणसं इकडे लोटली. पंच घाबरले. त्यांनी वेस लावून घेतली आणि हुकूम काढला, की पेठेतल्या कर्त्या माणसाचं नाव घेऊन जो आपलं नातं सांगेल, त्यालाच आत घ्यायचं. धारोजीने त्याच विहिरीचं पाणी हातात घेऊन तशी शपथ वाहिली.

हुकूम काढणारे सगळे पुरुष होते. घरातल्या बायका नवऱ्याचं नि सासऱ्याचं नाव घेत नाहीत, हे त्यांच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

धारोजीची सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. नातवासाठी त्याने चांदीचे वाळे घडवून पाठवले होते. मुलगा धान्य आणायला घाटाखाली गेलेला. माहेरचं पाणी संपलं, तशी ती तान्ह्याला घेऊन एकटीच निघाली आणि भर उन्हात वेशीशी पोचली. बाहेर माणसांचा गलका चालला होता.

“दार उघडा, मी इथलीच सून हाय. लेकरू तान्हं हाय.”

“कुणाची सून?” आतून प्रश्न आला.

सासऱ्याचा आवाज तिने ओळखला. तिने पदर पुढे ओढला आणि आपला आवाज आणखी बारीक केला. घरात ती त्याच्यासमोर कधी बोलली नव्हती, त्यामुळे तिचा आवाज धारोजीला ठाऊकच नव्हता.

“नाइकांच्याच घरची,” ती म्हणाली.

असं म्हणणाऱ्या दोघीतिघी त्याच आठवड्यात येऊन गेल्या होत्या, आणि त्यातली एकही खरी निघाली नव्हती. धारोजी वैतागला. “नाव घे बाई, लगीच आत घेतो.”

नाव कसं घेणार? घरोघरच्या बायका करतात तेच बिचारीने केलं, नाव आडून सांगितलं. “सुरीला असती ना, ती त्यांच्या नावात हाय.”

सुरीची धार, म्हणून धारोजी. पण त्या गलक्यात त्याला नुसती सुरी ऐकू आली. बाहेरच्यांनी हत्यारं आणली असं समजून त्याने दाराला दुसरा अडसर घातला. पेठ वाचवली म्हणून त्या दिवशी तो खुशीत होता म्हणे.

दुसऱ्या दिवशी गर्दी पांगली. गुरं बाहेर काढायला त्याने दार उघडलं, तेव्हा दाराला टेकून बसलेली बाई आत कलंडली. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला होता. मांडीवरच्या लेकराच्या पायात चांदीचे वाळे होते. दोघांतही जीव नव्हता.

धारोजी रडला नाही, असं सांगतात. त्याने पहार आणली, सागवानी दारं उचकटून काढली आणि सुनेची चिता त्याच लाकडांची रचली. पंच आडवे आले नाहीत. लेकराला कमानीच्या पायाशी पुरलं. आता तिथे पाण्याचा रांजण आहे. मग तांब्या घेऊन धारोजी वेशीत बसला. येईल त्याला पाणी दिलं, नाव कुणाला विचारलं नाही. लोक येत राहिले, पीत राहिले, आणि विहिरीचं पाणी त्या उन्हाळ्यात वीतभरही उतरलं नाही म्हणे. हे बघणं धारोजीला फार जड गेलं असणार. घाटाखालून परतलेला मुलगा त्याच्याशी पुन्हा कधी बोलला नाही.

न विचारता पाणी देणारी पेठ, असा मुलखात लौकिक झाला. कोष्टी आले, तांबट आले, आपल्या गावात आडनावापायी ज्यांना कुणी उभं करत नव्हतं तेही आले. माग लागले, बाजार भरला, पेठेचं शहर झालं. लोक याला भरभराट म्हणतात. आहेच ती. पण तिची सुरुवात जुनी माणसं त्या चितेपासून धरतात.

आजही पेठेत नवी नवरी आली की वरात वेशीत थांबते आणि वाजंत्री बंद होते. सासरा कमानीच्या आत उभा राहतो. नवरी बाहेरून त्याला नावाने हाक मारते, चांगली खड्या आवाजात. तो ओ देतो, रांजणातलं पाणी स्वतः तिच्या हातात देतो, मगच ती आत येते.

सगळं ऐकून झाल्यावर पाहुणे विचारतात, त्या सुनेचं नाव काय होतं? ते कुणालाच ठाऊक नाही. धारोजीचं नाव राहिलं, पंचांची नावं तर कमानीवर कोरलेली आहेत. तिला त्या दिवशी सासऱ्याचं नाव विचारलं होतं. तिचं स्वतःचं कुणी विचारलंच नाही.