भोपळ्याशेजारी उभी राहिलेली गिंबी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, मी काही तिथं उभा नव्हतो. सातपुड्याच्या पोटात उंबरदरा नावाचं गाव होतं, आजही आहे, आणि त्या गावात गिंबी नावाची एक बाई राहायची.

गिंबीचं काम माग काढायचं. त्या काळी गावातला प्रत्येक गडी कामठा बाळगायचा. कामठा म्हणजे बांबूचं धनुष्य, त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची. गडी रानात जायचे, बाण मारायचे. आता बाण लागला म्हणून जनावर काय तिथल्या तिथं आडवं पडतं होय? ते पळतं. मग गिंबीला हाक जायची. ती यायची, पानावरचा रक्ताचा थेंब बघायची, मोडलेलं गवत बघायची आणि चालायला लागायची. असं म्हणतात, की रानातल्या मुंग्या तिच्यापुढं रांग धरून चालायच्या आणि तिला थेट जनावरापाशी नेऊन सोडायच्या. तुम्ही हसताय. हसा खुशाल. पण गिंबी मागावर गेली आणि रिकाम्या हातानं आली, असं कधी झालं नाही, हे उंबरदऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

तिचा नवरा रुमाल्या. काय सांगू त्याचा तोरा! होळीच्या दुसऱ्या दिवशी गावात मोठा बाजार भरायचा, ओढ्याच्या या काठाला वाळका भोपळा टांगायचे आणि गडी पलीकडच्या काठावरून नेम धरायचे. बाकीचे काठावर उभे राहायचे, तर हा रुमाल्या आणखी मागं, पार टेकाडावर चढून बसायचा. तिथून बाण सोडायचा आणि भोपळा फोडायचा. ढोल वाजायचे, पोरी लाजायच्या. गिंबीनं त्याला असाच भोपळा फोडताना पाहिलं आणि त्याच बाजारात त्याचा हात धरून घरी निघून आली. पुढं ती म्हणायची, "मी भोपळ्यावर भाळले, नवरा फुकटात आला." रुमाल्याला ते ऐकून गुदगुल्या व्हायच्या. त्याच्या बाणाला नीलपंखाचं निळं पीस असायचं, लांबूनही लोक ओळखायचे, हा रुमाल्याचा.

मग एक वर्ष असं आलं, की पावसानं तोंडच फिरवलं. शेतातली बंटी करपली, मोर नावाचं भरड धान्यही करपलं, कोठारं झाडून झाली. लोक कंद उकडून खायला लागले. रानातली जनावरंही रोडावली आणि बुजरी झाली. पाचोळा वाजला की पसार! जवळ जाऊच देईनात. तेव्हा गडी काय करायला लागले? लांबूनच मारायला लागले. दरीच्या या अंगावरून त्या अंगाला. लागला तर लागला! संध्याकाळी रिकामे परत यायचे आणि म्हणायचे, "चुकला." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "चुकला." गिंबीला हाक येईना. चुकलेल्या बाणाचा कसला माग काढायचा?

एके दिवशी गिंबी कंद खणायला रानात गेली होती. खणता खणता तिला मुंग्यांची रांग दिसली. तिनं काही मागितलं नव्हतं, कुणी तिला धाडलं नव्हतं, तरी मुंग्या आपल्या चालल्याच होत्या. गिंबी त्यांच्यामागं निघाली. रांग तिला कोरड्या नाल्यात घेऊन गेली. तिथं एक सांबराची मादी उभी होती. पोटात बाण, जखम सडलेली, माश्या घोंगावत होत्या. पायाशी तिचं पाडस. ते आचळाला तोंड लावायचं आणि सोडायचं, दूध कुठलं असणार! गिंबीला बघून मादी पळाली नाही. पळायचं बळच उरलं नव्हतं. नुसती बघत राहिली.

गिंबीनं कोयता काढला. जे करायचं ते एका घावात केलं, आणि मग खाली बसून रडली. तिनं उभ्या जन्मात खूप जनावरं मरताना पाहिली होती, पण असं झिजून झिजून मरणं पाहिलं नव्हतं. मांस हात लावण्याच्या लायकीचं राहिलं नव्हतं. तिनं बाण उपसला, पाल्यानं पुसला. पीस निळं होतं.

पाडसाला खांद्यावर टाकून ती घरी आली. रुमाल्या अंगणात बसून बांबू तासत होता.

"आठ दिवसांमागं दरीवरून बाण मारलास, तो कुठं गेला?" तिनं विचारलं.

"चुकला म्हटलं ना."

"चुकला, पण गेला कुठं?"

"मला काय ठाऊक! गेला असेल झुडपात."

गिंबीनं बाण त्याच्यापुढं टाकला आणि पाडस खाली ठेवलं. रुमाल्यानं बाणाकडं पाहिलं, पाडसाकडं पाहिलं, आणि गडी चिडला. अपराध अंगाशी आला की माणूस आधी चिडतोच.

"मग काय हातावर हात धरून बसू? गाव उपाशी आहे! आणि भोपळा याच्याहून लांब असतो, तो नाही कधी चुकत माझा!"

"भोपळा पाय उचलतो का रे?" गिंबी म्हणाली. "तुझी दोरी वाजली, की ती आधी जनावराच्या कानात वाजते, बाण मागून येतो. तेवढ्यात ते पाऊल टाकतं, अंग वळवतं. तू काळजावर मारतोस आणि लागतं पोटात. आणि उपाशी गावाचं काय सांगतोस? त्या सांबरीनं कुणाचं पोट भरलं? मुंग्यांचं!"

रुमाल्यानं मान खाली घातली. पण तासायचा थांबला नाही. त्यावरून गिंबीनं ओळखलं, की हा उद्या पुन्हा दरीवर जाणार.

मग तिनं काय केलं? चुलीकडं वळली नाही, भांडत बसली नाही. पाडस शेजारणीच्या शेळीला लावलं आणि पुन्हा रानात शिरली. असं म्हणतात, की त्या खेपेला रानातल्या सगळ्या मुंग्या वारुळं सोडून बाहेर पडल्या. गिंबी आली तेव्हा तिच्या काखेत सरपणासारखा भारा होता, पण तो सरपणाचा नव्हता. सगळे बाण होते. गावातल्या गड्यांचे चुकलेले बाण!

गावचा कारभारी दमण्या मोहाच्या झाडाखाली माणसं घेऊन बसला होता. गिंबीनं भारा त्यांच्यापुढं मोकळा केला. ज्याला त्याला आपला बाण कळत होता, कुणी उचलायला मात्र पुढं येईना.

"एवढी जनावरं तुमचे बाण अंगात घेऊन फिरत होती," ती म्हणाली. "काही मेलेली सापडली, काही मी मारली. आता हे बंद. इतक्या लांबून मारायचं नाही."

"इतक्या म्हणजे किती?" एक जण फिसकन हसला. "बाई, तू आता आम्हाला अंतर शिकवणार?"

दमण्या कारभारी म्हातारा होता, चांगला होता, पण त्याच्याही घरात नातवंडं उपाशी होती. तो म्हणाला, "गिंबे, कुणाच्या हातात जोर जास्त, कुणाची नजर पक्की. सगळ्यांना एकच अंतर कसं घालून देऊ? आणि भुकेल्या माणसाला थांब कोणत्या तोंडानं म्हणू?"

"तुम्ही घालू नका, मीही घालत नाही," गिंबी म्हणाली. "ज्याचं त्यानं सांगावं. पण खरं सांगावं. आज जर कुणी खरं सांगितलं नाही, तर आजपासून मी माग काढणार नाही. तुमचं जनावर शेजारच्या झुडपात पडलं तरी नाही."

असं म्हणून ती उठली. ओढ्याकाठी नेमाच्या सरावाला टांगलेला भोपळा होता, त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. अगदी खांद्याला खांदा लावून. सगळ्यांना वाटलं, बाईला वेड लागलं.

"रुमाल्या, ये," तिनं हाक मारली. "तुझा नेम चुकत नाही ना? मग फोड हा भोपळा. मी अशी उभी. पण एक ऐक. मी काही खांबासारखी उभी राहणार नाही. दोरी वाजली की मला वाटेल तसं पाऊल टाकीन, वाटेल तिकडं. जनावर टाकतं तसं."

रुमाल्या हसला. गड्यांनी आरोळ्या ठोकल्या. "चढ रे टेकाडावर! दाखव बायकोला!" तो चढला. कामठा ताणला. खाली गिंबी दिसत होती, कोंबडीएवढी. ती ओरडली, "इथून?"

रुमाल्यानं नेम धरला. गिंबीनं जरासा भार या पायावरून त्या पायावर घेतला, एवढंच. रुमाल्याच्या कपाळाला घाम फुटला. त्यानं कामठा खाली केला आणि टेकाड उतरून ओढ्याच्या काठावर आला.

"इथून?" गिंबीनं विचारलं.

त्यानं ताणला. पुन्हा खाली केला. आता कुणी आरोळ्या ठोकत नव्हतं. तो ओढा ओलांडून पुढं आला.

"इथून?"

"गिंबे, बाजूला हो गं," तो म्हणाला.

"नाही."

"माझा हात कापतोय."

"मग जवळ ये. त्या सांबरीसाठी कापला नाही ना हात? माझ्यासाठी कापतोय, बरं झालं. ये जवळ."

तो पुढं आला, थांबला, ताणला, खाली केला, पुन्हा पुढं आला. गिंबीसुद्धा मनातून घाबरली होती बरं का. बाई माणूसच होती, दगड नव्हती. आपण हे काय करून बसलो असंही तिला एकदा वाटून गेलं. पण त्या सांबरीची नजर तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती, म्हणून ती हलली नाही. असं म्हणतात, की त्या दिवशी रानातली जनावरं पलीकडच्या उतारावर येऊन उभी राहिली. भेकरं, सांबरं, रानडुकरं, सगळी एका ओळीत, आणि माणसांना त्यांच्याकडं बघायची शुद्ध नव्हती.

शेवटी रुमाल्या इतका जवळ आला, की त्याला गिंबीच्या हनुवटीवरचं गोंदण दिसलं. गोंदणातला ठिपका न् ठिपका दिसला. तिची पापणी लवताना दिसली. तिथं तो थांबला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात मात्र आता कापत नव्हता.

"इथून?" गिंबीनं हळूच विचारलं.

"इथून," रुमाल्या म्हणाला.

दोरी वाजली. गिंबीनं पाऊल उचललं. असं म्हणतात, की तिचं पाऊल जमिनीला टेकायच्या आत बाण भोपळ्यात जाऊन थरथरत होता, आणि झाडावरचे पारवे त्यानंतर उडाले.

कुणी ढोल वाजवला नाही. गिंबी रुमाल्यापाशी गेली, त्याचं तोंड पदरानं पुसलं आणि म्हणाली, "हे तुझं अंतर. माझ्यासाठी जेवढा जवळ आलास, तेवढाच एखाद्या सांबरीसाठी ये. येता आलं नाही तर बाण भात्यात राहू दे. त्या रात्री कंद खाऊ आपण."

मग दमण्या कारभारी उठला. एकेका गड्याला पुढं बोलावलं. भोपळ्याशेजारी कुणाची आई उभी राहिली, कुणाची बहीण, कुणाचा म्हातारा बाप. एक जण तर इतका पुढं आला, इतका पुढं आला, की कामठ्याच्या टोकानंच भोपळा टोचता आला असता. त्यालाही कुणी हसलं नाही. निदान त्या दिवशी तरी नाही.

त्यानंतर पोटं लगेच भरली असं समजू नका. बरेच दिवस गडी हात हलवत परत आले, घरच्या पोरांची रडकी तोंडं पाहून शिव्या घातल्या त्यांनी गिंबीला. तिनं ऐकून घेतल्या आणि स्वतःच्या टोपलीतले कंद त्यांच्या पोरांना वाटले. हळूहळू गडी सरपटायला शिकले, वारा कुठला ते बघून बसायला शिकले, मुंगी चावली तरी दिवसभर न हलायला शिकले. बाण थोडे सुटले, पण सुटला की जनावर तिथंच आडवं पडायचं.

आणि रुमाल्याची तर फार गंमत झाली. असं म्हणतात, की त्याचं अंतर जनावरांनाही पाठ झालं. एक थोराड सांबर होता, शिंगं म्हणजे नुसत्या झाडाच्या फांद्या. तो नेमका त्या अंतराच्या जरासा पलीकडं येऊन उभा राहायचा, तोंडातला पाला चघळायचा आणि रुमाल्याकडं बघत बसायचा. रुमाल्या दात ओठ खायचा. टेकाडावरून भोपळा फोडणारा गडी तो, एका बाणाचं काम! पण कामठा उचलला, की त्या सांबराशेजारी त्याला गिंबी उभी दिसायची, हनुवटीवरचं गोंदण ओळखू न येण्याइतकी लांब. तो कामठा खाली ठेवायचा. घरी येऊन कुरकुर करायचा, "तुझ्यामुळं आज पुन्हा गेला तो." आणि गिंबी त्याच्या पुढ्यात गरम कंद वाढायची.

गिंबी म्हातारी होऊन गेली. अखेरच्या वर्षांत तिला कुणी मागावर बोलावलं नाही, कारण काढायला मागच उरला नव्हता. ती गेली त्या दिवशी मुंग्या तिच्या अंगणात आल्या आणि दाराशी थांबल्या, असं म्हणतात.

आता शिकार बंद आहे. कायदा आहे, आणि चांगला आहे. पण उंबरदऱ्यात होळीच्या दुसऱ्या दिवशी अजून भोपळा टांगतात. गड्याच्या घरचं कुणीतरी भोपळ्याशेजारी उभं राहतं. बाण सोडत नाहीत, नुसता कामठा ताणायचा आणि आपलं अंतर सांगायचं. उभं असलेलं माणूस विचारतं, "इथून?" आणि ढोल कधी वाजतो ठाऊक आहे? नेमाला नाही. गडी कामठा खाली करून एक पाऊल पुढं टाकतो, त्या पावलाला वाजतो.

मागच्या होळीला एक नवा जोडा होता. नवरा मुलगा मोठा ऐटबाज, टेकाडावर चढून बसला. खाली त्याची नवी नवरी भोपळ्याला टेकून उभी. तिनं तोंडाशी हात नेऊन विचारलं, "इथून?"

त्यानं ताणलेला कामठा खाली केला. मग म्हणाला, "थांब, येतो," आणि उतरायला लागला. ढोल वाजायला लागला, आणि तो गडी थेट तिच्यापर्यंत येईतो थांबला नाही.