पाच संघांचे सर

“सर, कॉलेजात तुम्ही नेमकं काय खेळलात?”

विक्रांतने हे सगळ्या संघासमोर विचारलं. तो दहावीत होता, शाळेच्या कबड्डी संघाचा कर्णधार. दुसऱ्या दिवशी तालुक्याचा अंतिम सामना होता.

भानुदास सर मैदानावर फक्कीची रेघ ओढत होते. ते गणित शिकवत आणि मैदानही सांभाळत. कॉलेजच्या पाच संघांत ते होते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, हॉकी आणि रिले. कुणी पाहुणा आला की हेडमास्तर हे पाच खेळ बोटांवर मोजून दाखवत. सर तेवढ्यात खडू घेऊन वर्गाकडे निघालेले असत.

“सांगा की,” विक्रांत म्हणाला. “माझा मामा त्याच कॉलेजात क्लार्क आहे. त्यानं जुनं रजिस्टर काढलं.”

रजिस्टरमध्ये सरांचं नाव पाचही संघांत होतं. पाचही ठिकाणी शेवटचं. पुढे शेरा, राखीव. रिलेचे चौघे ठणठणीत राहिले. हॉकीत कुणाला खरचटलंसुद्धा नाही. विक्रांत एकेक खेळ सांगत गेला आणि पोरं खाली बघू लागली. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

सरांनी रेघ पुरी केली.

“व्हॉलीबॉलला एकदा उतरलो होतो,” ते म्हणाले. “दोन गुणांपुरता. ते मामानं वाचलं नाही वाटतं.”

“म्हणजे खरं आहे.”

“खरं आहे.”

“मग आम्ही तुमचं का ऐकायचं?”

...

विक्रांतने तिथंच सांगून टाकलं, की उद्या संघ तो स्वतः लावणार. सरांनी मध्ये पडायचं नाही. पडले, तर तो उतरणार नाही, आणि तो नाही तर कुणीच नाही. सहा जण त्याच्या बाजूला सरकले.

सर रागावले नाहीत. शरमलेही नाहीत. हाताची फक्की झटकून त्यांनी व्हरांड्याच्या पायरीकडे बोट केलं.

“तिथं बस. एक डाव. मग तू म्हणशील तसं.”

“मी बसू? मी कर्णधार आहे.”

“मी पाच वर्षं बसलो. तुला वीस मिनिटं जड जातात?”

पोरांसमोर माघार घेणं शक्य नव्हतं. विक्रांत पायरीवर जाऊन बसला. त्याच्या जागी सरांनी संघातला बारावा, दगडू, उभा केला. समोर नववीची पोरं घेतली.

विक्रांत बसल्या जागेवरून ओरडत राहिला. धर, सोड, मागं हो. मग ओरडणं कमी झालं.

मग थांबलं...

डाव नववीच्या पोरांनी मारला. सर त्याच्याशेजारी येऊन टेकले.

“काय दिसलं?”

विक्रांतने मैदानाच्या कोपऱ्यांकडे बोट दाखवलं.

“चढाईवाला आत आला, की दोन्ही कोपऱ्यांतली पोरं आधी माझ्या जागेकडं बघतात. मी तिथं नाही, तरी बघतात. मग पकडायला जातात. तोवर तो निसटलेला असतो.”

“आज पहिल्यांदाच बघितलं त्यांनी?”

“नाही...” त्याने पायानं माती उकरली. “मी कर्णधार झालो तेव्हापासून असणार. मी सांगितल्याशिवाय कुणी हात घालायचा नाही, असं मीच बजावलंय.”

सरांनी शाबासकी दिली नाही.

विक्रांत उठला. कान लाल झाले होते, पण आवाज चढलेलाच होता.

“म्हणजे उद्या मला बसवणार तुम्ही. तुमच्यासारखं.”

सर फक्कीचं घमेलं उचलत होते.

“माझं दुसऱ्यांनी ठरवलं होतं,” ते म्हणाले. “तुझं तू ठरव.”