लॅपटॉपमहाराज

“…तर मग तुम्हीच सांगा महाराज, वैराग्य तुमचं मोठं का माझं?”

मोतीगीर बाबांनी वर पाहिलं नाही. ते सुईत दोरा ओवत होते. कफनी खांद्यावर उसवली होती, आणि दोरा काही केल्या नेढ्यातून जात नव्हता.

“पुन्हा सांग,” ते म्हणाले. “ध्यान दोऱ्याकडं हुतं.”

अंबादासचा हिरमोड झाला. हा प्रश्न त्याने आठवडाभर गिरणीवर घोळवून तयार केला होता. गिरणी चालू असताना मोठ्याने म्हणूनही पाहिला होता. त्यात आज मठात शिरताना ठेंगण्या दाराच्या चौकटीवर त्याचं कपाळ खाडकन आपटलं. त्यामुळे प्रश्नाला हवा तसा भार आला नाही, असं त्याचं त्यालाच वाटत होतं.

तो मांडी सावरून बसला. मागे भिंतीशी त्याची बायको वैजयंता होती. तिने पदर तोंडाला लावला होता.

अंबादास हा ओढ्यापलीकडच्या गिरणीवर दळण दळून देणारा माणूस. दहा वर्षं बाबांचा शिष्य. दर रविवारी मठात यायचा, अंगण झाडायचा, दोन शब्द ऐकून जायचा. गरीब, गुणी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गेल्या वर्षीच्या श्रावणात मात्र त्याने मनावर घेतलं, की घरात एक लॅपटॉप आणायचा. छोटा, स्वस्तातला, पण आणायचा. गिरणीच्या पगारात दोन वेळचं भागल्यावर हातात राहणार काय? म्हणून त्याने एकेक गोष्ट सोडायला घेतली.

आणि सोडता सोडता त्याला सोडण्याचीच गोडी लागली.

“चहा सोडला, महाराज. तंबाखू सोडली. रविवारचं मटण सोडलं.”

“हं.”

“लग्नाकार्याला जाणं सोडलं. गेलं की आहेर आला. मेव्हणीच्या पोराच्या बारशाला गेलो न्हाई.”

“त्यो निरोप मी पोचवला,” वैजयंता मागून म्हणाली. “शिव्याबी मीच खाल्ल्या.”

“दाढी फकस्त अमावास्येला न् पुनवंला.”

आता बाबांनी वर पाहिलं. अंबादासच्या गालावरून त्यांनी नजर फिरवली.

“म्हंजे आज सप्तमी.”

“व्हय,” अंबादास म्हणाला. थट्टा त्याच्या लक्षात आली नाही. “पेठेत माणसं मला लॅपटॉपमहाराज म्हणत्यात, महाराज. थांबवून म्हणत्यात.”

पेठेतली माणसं ते हसायला म्हणत होती, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. एकट्या अंबादासला नव्हतं. तो अलीकडे पेठेतून जरा सावकाश चालायचा, म्हणजे कुणाला हाक मारायची असेल तर मारता यावी.

तिथूनच हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं होतं. बाबा तर दिवसातून तीनदा चहा घ्यायचे, तोही चांगला गोड. भक्तांनी आणलेलं तूप भातावर घ्यायचे. मग कफनी यांच्या अंगावर का, आणि गिरणीचं पीठ आपल्या अंगावर का?

बाबांनी सुई बाजूला ठेवली. चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि कपात चहा गाळला.

“घेणार?”

“सोडलाय,” अंबादास म्हणाला. हे म्हणताना त्याची मान आपोआप ताठ व्हायची.

“मी घेते,” वैजयंता म्हणाली.

तिने कप दोन्ही हातांत धरला. पहिला घोट घेऊन डोळे मिटले. कप संपवला, आणि काही न बोलता पुन्हा पुढे केला.

बाबांनी तो भरला.

“ह्यांनी सोडला, म्हंजे घरानं सोडला,” ती म्हणाली. “पावडरच येत न्हाई.”

अंबादासने छताकडे पाहिलं.

“बाई, तुझे डोळे तरुण हायत,” बाबा म्हणाले. “एवढा दोरा ओवून दे.”

वैजयंताने सुई घेतली. दाराच्या उजेडाकडे धरली. डोळे बारीक केले. मग दुसऱ्या हाताचा अंगठा आणि बोट तिने सुईच्या नेढ्यावर टेकवलं, आणि दोन्ही एकमेकांपासून लांब नेली.

नेढं होतं तेवढंच राहिलं.

ती क्षणभर तशीच बसली… आणि एकदम खळखळून हसली.

“हे काय केलंस?” बाबांनी विचारलं.

“सवय, महाराज. मोबाईलवर कागद वाचायचा तर अक्षर असं बोटांनी मोठं करावं लागतं. दिवसभर तेच. आता कशावरबी बोटं जात्यात. काल भाकरीवर डाग दिसला, तर भाकरी मोठी करायला गेले.”

“झाली मोठी?”

“न्हाई ना. झाली असती तर ह्यांनी म्हयन्याला एकच दळण आणलं असतं.”

बाबा हसले. पोट धरून हसले. त्यांना हसताना पाहून अंबादासलाही हसू आलं. पण आपण प्रश्न विचारलेला आहे हे आठवून त्याने ते आवरलं.

“न् मोठं झालेलं लहान कसं करत्यात?”

“असं.” तिने अंगठा आणि बोट लांब धरलं आणि चिमटीत जवळ आणलं. “आवळायचं. मग बारीक हुतंय. न् पडद्यात मावतंय.”

बाबांना ते भारी आवडलं. त्यांनी एक डोळा मिटला आणि अंगणातल्या कडुनिंबावर बोटं धरून पाहिली. मोठा केला, लहान केला. मग कुंपणावरचा कावळा मोठा केला. कावळा उडाला.

“कसले कागद वाचतीस?”

वैजयंताने तोवर दोरा ओवला होता. सुई परत देत ती जरा पुढे सरकून बसली.

“मोडी लिपीतले. जुने. वाचनालयात शिकवायचा वर्ग हुता, फुकट हुता, म्हणून गेले. बाकीच्यांनी सोडला. मला लागला.” तिचा आवाज बदलला होता. “पयल्यांदा नुसती वेटोळी दिसत्यात. मग एक दिवस त्यातनं माणूस बोलाय लागतंय. वाचनालयानं साठ कागदांचे फोटो दिलेत. दिवाळीपातुर आताच्या अक्षरात लिहून दिले, तर अख्खं दप्तर मला मिळंल. वर्षभराचं काम. न्हाई झालं तर पुण्याला धाडणार हायत.”

“किती झाले?”

“बावीस.”

दिवाळी महिन्यावर आली होती.

“एवढ्याशा पडद्यावर एक ओळ मोठी केली की दुसरी निसटती,” ती म्हणाली. “एका कागदात कुणी साळूबाई हाय. विहिरीच्या पाण्याची पाळी माझी म्हणून दिराशी भांडतीया. चांगली झोंबतीया. पण पुढची ओळ फाटक्या घडीवर हाय, मोबाईलवर लागतच न्हाई. आठ दिवस झाले महाराज, ती बाई तशीच भांडत उभी हाय. तिला पाणी मिळालं का न्हाई, एवढं तरी मला कळाया नको?”

बाबांनी मान हलवली. त्यांनाही ते कळायला हवं होतं, असं दिसलं.

“लॅपटॉपाला अजून किती कमी पडत्यात?”

“कमी?” वैजयंता म्हणाली. “नागपंचमीलाच भरले की.”

…

बाबांनी अंबादासकडे पाहिलं.

अंबादासने मांडी बदलली.

“म्हंजे झालं असं, महाराज, पेठेतल्या दुकानदारानं एक दाखवला. वापरलेला. एवढासा.” त्याने दोन हातांत वीतभर जागा दाखवली. “ताटाएवढाबी न्हाई. वर ‘ळ’ उमटायला बटण दोनदा दाबावं लागतंय. म्हणून स्वस्तात देतोय.”

“दाबीन की दोनदा,” वैजयंता म्हणाली. “साळूबाईसाठी दाबीन.”

“पण एवढं तप केलं, न् आणायचा एवढासा? आणखी सा म्हयने कळ काढली तर मोठा येतोय. कोरा. पेठेनं बघावा असा.”

“सा म्हयन्यांनी कागद पुण्यात असतील,” ती म्हणाली. “न् त्यो दुकानदार आज दुपारपातुर थांबणार हाय. मग दुसऱ्याला देणार.”

अंबादासने पुन्हा छताकडे पाहिलं. मोठ्या लॅपटॉपचं कारण खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. नागपंचमीच्या दिवशी पैसे पुरे झाले, तेव्हा त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट प्रश्न पडला. उद्या सकाळी उठून सोडायचं काय? पेठेत थांबवून आपल्याला महाराज म्हणणार कोण? लॅपटॉप घरोघर असतात. लॅपटॉपमहाराज गावात एकच होता.

हे त्याने बायकोला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं.

बाबांनी कफनी मांडीवर ओढून घेतली.

“अंबादासा, तुझा प्रश्न काय हुता?”

“वैराग्य मोठं कुणाचं.”

“तुझं,” बाबा म्हणाले. “हरलो गड्या. मला चहा सुटत न्हाई. तुझंच मोठं.”

अंबादासचा चेहरा फुलला. त्याने वळून बायकोकडे पाहिलं. तिने ऐकलं की नाही, एवढंच त्याला बघायचं होतं.

“एकच राहिलंय,” बाबा म्हणाले.

“कंचं?”

“गळ्यातलं.”

अंबादासच्या सदऱ्याच्या आत, काळ्या दोऱ्यात, लॅपटॉपच्या पैशांची कापडी पिशवी लोंबत होती. चौदा महिने ती त्याने अंघोळीखेरीज काढली नव्हती.

“तेवढी सोड, म्हंजे पुरा झालास.” बाबांनी समोरच्या सारवलेल्या जमिनीवर हात थोपटला. “ठेव हितं.”

अंबादासचा हात छातीवर गेला. सदऱ्यावरूनच त्याने पिशवी घट्ट धरली.

“ही कशी सोडू?”

“चहा सोडलास. मटण सोडलंस. मेव्हणी सोडलीस.”

“पर ही न्हाई सोडता येणार.”

“का?”

“ही माझी न्हाई, महाराज.”

“मग?”

“हिची हाय.” अंबादासने मागे बोट केलं. आवाज चढला होता. “हिच्या कागदांसाठी जमवलेत. तुम्ही मागितले म्हणून मी कसं देऊ? हिचे हायत ते!”

“असं व्हय…”

बाबांनी सुई उचलली. एक टाका घातला. दोरा ओढला. दुसरा टाका घातला.

“मग तुझ्या गळ्यात का?”

…

बाहेर कावळा परत येऊन कुंपणावर बसला. चुलीतलं लाकूड खचलं.

अंबादासने वळून पाहिलं. वैजयंता आपल्या हाताकडे बघत होती. अक्षरं मोठी करणाऱ्या बोटाचं टोक मोबाईलच्या काचेवर घासून घासून गुळगुळीत झालं होतं. ती ताटात भाकरी वाढायची तेव्हा हे बोट तो रोज बघत होता. आज त्याला ते दिसलं, आणि लाज वाटली. कान गरम होईपर्यंत लाज वाटली.

त्याने दोरा डोक्यावरून काढायला घेतला. तो आधी कानात अडकला, मग सप्तमीच्या दाढीत. शेवटी वैजयंतानेच उठून सोडवला.

पिशवी तिच्या हातात राहिली.

तिने ती उघडली नाही, मोजली नाही. कमरेला खोचली, बाबांच्या पाया पडली आणि उभी राहिली.

“जाते मी. दुपार व्हायच्या आत. साळूबाई खोळंबलीया.”

“मी येतो की संगं,” अंबादास म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

“या सावकाश. आधी चहा घ्या.” मग ती हसली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिने पुसलंही नाही. “घ्या हो. येताना पावडर आणते.”

ठेंगण्या दारातून ती वाकून बाहेर पडली. ओढ्याची वाट ती जवळजवळ पळतच उतरली.

बाबांनी पातेल्यात उरलेला चहा कपात ओतला आणि अंबादासपुढे सरकवला. अंबादासने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग एक घोट घेतला. चौदा महिन्यांचा घोट होता तो, वरून चांगला गोड. त्याला भडभडून आलं.

“महाराज…”

“हं.”

“आणखी मिळंल का?”

बाबांनी दुसऱ्यांदा पातेलं चढवलं.

दुसरा कप संपवून अंबादास उठला. अंगण झाडलं. कोपऱ्यातली पानंही काढली. अंगात कसं हलकं वाटत होतं, आणि हलक्या अंगात जुनी खोड परतायला फार वेळ लागत नाही. केरसुणी आत ठेवायला तो दार सांभाळून वाकत आला, ती ठेवली, निघाला, आणि दाराशी पोचून वळला. छाती पुन्हा थोडी पुढे आली होती.

“पर महाराज, एक सांगा. चौदा म्हयने बिनचहाचे काढले. आज एका शब्दावर गळ्यातलंबी काढून दिलं. असा शिष्य तुमचा दुसरा कुणी हाय का?”

बाबांनी कफनी खाली ठेवली.

एक डोळा मिटला. हात उचलून अंबादासच्या दिशेने धरला. अंगठा आणि बोट लांब करून ती दोन्ही हळूहळू चिमटीत आणली. मान कलती करून पाहिलं. समाधान झालं नसावं. पुन्हा एकदा आणली.

“हे काय करताय, महाराज?”

“येताना आपटलास न्हवं?” बाबा म्हणाले. “दार ठेंगणं हाय.”