अध्यक्षांची बिनडागी गाडी

कोल्हापूरच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात नियम एकच होता: गाडी स्वतः चालवत आणायची. इंदुताई सुर्वे रत्नागिरीहून आंबा घाट चढून आल्या, तर अध्यक्ष मगदूम सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, तुमच्या डबड्यातून ऑइल गळतंय. मागे लावा. माझी बघा, पुण्याहून चालवत आणली, एक डाग नाही!"

ताईंचं डोकंच सणकलं. त्यांनी वाकून अध्यक्षांच्या गाडीच्या टायरच्या रस्त्याला घासणाऱ्या भागावरून हात फिरवला. कोऱ्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केस बोटांना लागले. रस्त्यावर थोडं धावलं तरी ते झडतात.

"मगदूमसाहेब, सव्वादोनशे किलोमीटर आलात आणि टायरचं जावळसुद्धा उतरलं नाही? ट्रकवर बसून आलेल्यानं घाट चढून आलेल्याला मागे हो म्हणायचं नाही!"