भोपळ्याची ढाल

डोंगरामागच्या एका जंगलात एक कोल्हा राहत असे. डोकं तल्लख, बोलणं गोड; पण एखादी डौलदार वस्तू दिसली, की स्वारी तिथेच विरघळलीच म्हणून समजा! त्या जंगलात उन्हाळ्यात एकच डोह शिल्लक राही. रक्तपात नको म्हणून जुना रिवाज होता : दोन टोळ्यांनी वाळूतल्या रिंगणात झुंजायचं, रिंगणाबाहेर ढकलला गेला तो बाद, आणि जिंकेल त्या टोळीचा डोह. नायकाने फक्त आपल्या गड्यांसाठी साहित्य निवडायचं. झुंज सुरू झाली, की त्याने तोंडात पान धरून खडकावर बसायचं. पान पडलं, की टोळी हरली. हरलेल्यांनी पाण्यासाठी डोंगर ओलांडून नदी गाठायची.

यंदा कोल्ह्याची गाठ लांडग्याच्या टोळीशी होती. कोल्ह्याकडे गडी होते ससा, साळिंदर आणि एक म्हातारं कासव. कासवाला काही डोंगर चढवणार नाही, हे कोल्ह्याला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे यंदा हरून चालणारच नव्हतं.

साहित्याचा ढीग माकडाच्या गुहेत असे. लांडगा आला, त्याने चिकट डिंकाचा गोळा उचलला आणि गेला. "एवढंच?" कोल्हा हसला. "अरेरे, किती ही गरिबी!" मग तो निवडायला बसला. सशाला त्याने मोरपिसांचा उंच तुरा दिला. साळिंदराला जाड सालीचं चिलखत चढवलं. आणि कासवासाठी काढली वाळलेल्या भोपळ्याची, लाल-पिवळ्या नक्षीची भलीमोठी ढाल.

"कोल्हेदादा," कासव हळूच म्हणालं, "ढाल तर माझ्या पाठीवर जन्मापासून आहे. माझे पाय घसरतात हो. थोडा डिंक मिळाला तर बघा."

"आजोबा, डिंक लावून कोणी रुबाबदार दिसतं का? समोरचे बघूनच गारठतील!"

साळिंदर चिलखतातून कुरकुरलं, "माझे काटे आत दबलेत." पण कोल्हा ऐकायला जागेवर होता कुठे! तो चार पावलं मागे सरकून आपली टोळी न्याहाळत होता. खरंच, दिसत होती झकास. माकड मात्र डोकं खाजवत राहिलं. ते साहित्य आजवर कोणी नेलंच नव्हतं.

झुंज सुरू करायला मोराने केका दिली. कोल्हा पान धरून खडकावर बसला. लांडग्याचे गडी, म्हणजे रानडुक्कर, मुंगूस आणि घोरपड, पायांना डिंक फासून रिंगणात उतरले. पळण्यात सशाचा हात कोणी धरला नसता, पण पहिल्याच उडीत तुरा डोळ्यांवर आला आणि तो स्वतःच रिंगणाबाहेर जाऊन पडला. रानडुक्कर साळिंदराकडे जपून आलं. एरवी ते त्याच्या वाऱ्यालाही उभं राहिलं नसतं. आज त्याने सालीला नाक लावून पाहिलं, काहीच टोचलं नाही. मग काय, ओंडका लोटावा तसं त्याने साळिंदराला लोटत नेलं. 'अरे, काढ ते चिलखत! फेकून दे!' कोल्ह्याच्या अगदी ओठांवर आलं. पण ओठांत पान होतं. त्याला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं.

उरलं कासव. ढालीच्या भाराने ते पुढे झुकलं होतं आणि त्याचे पाय वाळूत सरकत होते. घोरपडीने पाय घट्ट रोवले आणि ढालीलाच रेटा दिला. कासव घसरत घसरत रेषेपलीकडे गेलं. झुंज संपली.

कोल्ह्याने पान खाली ठेवलं. आता बोलायला मोकळीक होती. "आजोबा, चुकलं माझं," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. कासव म्हणालं, "असू दे. ती ढाल इकडे आण. उलटी धर बघू. पाणी राहील का त्यात?"

पाणी राहत होतं. त्या उन्हाळ्यात कोल्हा रोज डोंगर ओलांडून नदीवर गेला आणि ढाल उलटी धरून कासवासाठी पाणी घेऊन आला. वाटेत निम्मं सांडायचं. लाल-पिवळी नक्षी तर पहिल्या आठवड्यातच धुऊन गेली.

तात्पर्य : साहित्य देखणं आहे का, हे पाहू नये, ते ज्याला द्यायचं त्याचं बळ वाढवतं की झाकतं, हे पाहावं, आणि तेही झुंजीच्या आधी.