झाकणातलं शेत

फार पूर्वीची म्हणावी तर तेव्हा पत्र्याच्या डब्यात बिस्किटं मिळत होती, आणि अलीकडची म्हणावी तर बेटावर जायला अजून पूल झाला नव्हता. त्या मधल्या काळातली ही गोष्ट.

खाडीतल्या एका लहानशा बेटावर फिलू नावाची एक आई राहायची. तिला चार वर्षांची एक मुलगी होती, इनेस. इनेसचे बाबा जहाजावर कामाला होते आणि वर्षातून एकदाच घरी यायचे. बेटावर चर्च होतं, विहिरी होत्या, भाजीच्या वाड्या होत्या, पण बालवाडी नव्हती. ती खाडीपलीकडच्या शहरात. होडी सुटायची भरती-ओहोटी बघून, बालवाडीच्या घंटेशी तिला काही देणंघेणं नव्हतं. म्हणून फिलूनं ठरवलं की पोरीला घरीच शिकवायचं.

आता इनेसला शिकवणं तसं सोपं होतं, तिच्या प्रश्नांना पुरं पडणं अवघड. वांगी मोजायला बसवली तर ती तीनपर्यंत यायची आणि विचारायची, "आई, वांग्याच्या टोपीला काटे कशाला?" फिलूला ते कुठलं माहीत असायला. ती म्हणायची, "आधी मोज, मग सांगते." मोजून झाल्यावर इनेसच्या डोक्यात दुसराच प्रश्न आलेला असायचा, त्यामुळे फिलूची सुटका व्हायची.

असं ठीक चाललं होतं. मग नोव्हेंबरच्या शेवटी इनेसच्या आत्याची चिठ्ठी आली. या आत्यानं शहरात तीस वर्षं बालवाडी चालवली होती. मोठी शिस्तीची बाई. तिच्या घरी जायचं तर मोठी माणसंसुद्धा नखं कापून जायची. तिनं लिहिलं होतं, "नाताळच्या दिवशी सकाळच्या होडीनं येते. पोर काय शिकली ते बघेन. शिकत असेल तर राहू दे तुझ्याजवळ. नसेल तर संध्याकाळी माझ्याबरोबर घेऊन जाईन. भावाशी माझं बोलणं झालंय."

फिलूनं चिठ्ठी दोनदा वाचली. वाडी सोडून तिला शहरात जाऊन राहता येणार नव्हतं. लेक एकदा गेली की थेट मे महिन्यात दिसणार. आत्या वाईट बाई नाही, हे फिलूला ठाऊक होतं. पण झोपताना पोरीनं कुणाचा पदर धरायचा, ते काही चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं.

मग फिलू कामाला लागली. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिनं एक तारखेपासून नाताळपर्यंतचे चौकोन आखले आणि रोजचा एक धडा लिहिला. धडे सगळे नाताळचे. चांदणी कापायची, म्हणजे कात्री धरता येईल. गोठ्याच्या देखाव्यासाठी कापसाच्या पाच मेंढ्या करायच्या, म्हणजे पाच आकडे येतील. गोठ्यातल्या बाळाला भेटायला येणारे राजे तीन, म्हणून तीन. करंज्यांचं पीठ लाटताना गोल आणि अर्धगोल. कागद भिंतीवर लावून फिलू लांबून बघत राहिली. तिला वाटलं, हे बघून आत्या तोंडात बोट घालेल.

पण कागद फिलूनं लिहिला होता, आणि तो पार पाडायचा होता इनेसला. इनेसनं कापलेल्या चांदणीला सात टोकं आली, आणि त्यातलं एक वाकडं. मेंढ्या चिकटवायला बसली तर म्हणे, "आई, बाळ गोठ्यात का जन्मलं?"

"घरात जागा नव्हती म्हणून."

"मग त्या रात्री गाय कुठे झोपली?"

इतकी वर्षं फिलू गोठा मांडत आली होती, पण हे तिच्या मनातही आलं नव्हतं. क्षणभर तिलाही वाटलं, खरंच, कुठे झोपली असेल? पण कागदावरचे चौकोन भराभर संपत होते. "आधी मेंढी चिकटव," ती म्हणाली. इनेसनं चिकटवली, तर मेंढीचे पाय आभाळाकडे.

फिलूनं ती मेंढी हळूच काढली आणि सरळ लावली. मग दुसरीही लावली. सात टोकांची चांदणी कपाटाच्या मागे सरकवली आणि पाच टोकांची सुबक चांदणी स्वतः कापून दारात टांगली. एकदा हात लागला की थांबवत नाही. आठवड्याभरात गोठ्यातलं सगळं फिलूच्या हातचं झालं आणि इनेस नुसती खळीची वाटी धरून उभी राहू लागली.

मग बारा तारखेचा धडा आला. त्या बेटावर एक जुनी रीत होती. नाताळच्या आधी बारा-तेरा दिवस घरोघर पसरट भांड्यात माती घालून गहू पेरायचे. नाताळपर्यंत ते वीतभर वाढले की बाळाच्या गोठ्याभोवती मांडायचे, म्हणजे गोठा खऱ्याखुऱ्या हिरव्या शेतात असल्यासारखा दिसायचा. कुणाचं शेत दाट, कुणाचं विरळ, हे बायका नाताळच्या दिवशी एकमेकींच्या घरी जाऊन डोळ्यांनी मापत असत.

फिलूनं बिस्किटांच्या डब्याच्या झाकणात माती भरली आणि इनेसच्या हातानं मूठभर गहू पेरले. आणि असावं म्हणून डब्याच्या बुडात आणखी थोडे स्वतः पेरून मागच्या पडवीत ठेवले. ते इनेसला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बघते तर इनेस चमच्यानं माती उकरत बसलेली.

"अगं, काय करतेस?"

"दाणा बघते. कालच्यापेक्षा जाडा झालाय."

"परत पुरून टाक. असं उकरलं तर उगवेल का?"

"पण मातीखाली काय चाललंय ते वरून दिसतच नाही ना," इनेस म्हणाली. तिचंही बरोबरच होतं.

फिलूनं दटावलं, समजावलं, एकदा चमचाही लपवून ठेवला. इनेस बोटानं उकरू लागली. रोज सकाळी एक दाणा काढायचा, उजेडात धरून बघायचा आणि खळ लावून एका पुठ्ठ्यावर चिकटवायचा, हा तिचा उद्योग. एक दाणा शोधताना दहा दाणे उलथे व्हायचे. नाताळ दोन दिवसांवर आला तेव्हा इनेसच्या झाकणात इथे चार काड्या, तिथे सहा, आणि मध्ये नुसतं टक्कल पडलेलं. पडवीतल्या डब्यात मात्र गहू असे तरारले होते की त्यावरून हात फिरवावासा वाटावा.

चोवीस तारखेला फिलूनं झाकण उचलून पाण्याच्या पिंपामागे ठेवलं आणि आपलं हिरवंगार शेत गोठ्यापुढे मांडलं. इनेस बघत होती.

"माझं शेत कुठे गेलं?"

"हे बघ," फिलू खाली बसून म्हणाली, "उद्या आत्या विचारेल हे कुणी केलं. तू म्हणायचं, मी केलं."

"पण हे तू केलंस."

"सांगितलं तेवढं म्हण, बाळा. नाहीतर आत्या तुला तिच्या घरी घेऊन जाईल."

इनेसनं का म्हणून विचारलं नाही, किती दिवस तेही विचारलं नाही. फिलूला ते कसंसंच वाटलं, पण कढई तापली होती आणि करंज्या तळायच्या राहिल्या होत्या.

नाताळच्या दिवशी चर्चमधली सकाळची प्रार्थना, मिस्सा, झाला आणि आत्या आली. फिलूनं पुढे होऊन हात धरला. "या ताई. प्रवास बरा झाला ना?" आत्यानं मान हलवली, पाणी प्यायली आणि थेट गोठ्यापुढे जाऊन उभी राहिली. चांदणी बघितली, पाच मेंढ्या बघितल्या, हिरव्या गव्हावरून बोट फिरवलं.

"छान आहे. कुणी केलं हे, इनेस?"

इनेसनं आईकडे बघितलं. मग खाली.

"मेंढ्या कुणी चिकटवल्या?"

इनेस फ्रॉकचं टोक चावू लागली.

"बरं, गहू किती दिवसांत उगवले ते तरी सांग."

इनेसचे डोळे भरून आले, पण तोंडातून शब्द निघेना. आत्यानं फिलूकडे बघितलं. "ही अशीच असते का गं? बोलत नाही?"

फिलूला वाटलं, आता एक वाक्य बोललं की निभावलं. लाजरी आहे हो, पण सगळं तिनंच केलंय. गहू समोर होता, मेंढ्या समोर होत्या, शंका घ्यायला कुणी नव्हतं. तिनं तोंड उघडलं आणि तिची नजर पोरीवर गेली. वांग्याच्या टोपीपासून गायीच्या झोपेपर्यंत काही म्हणून न सोडणारी आपली लेक आज मुकी उभी आहे, आणि हिला मुकी आपणच केलं. फिलूला स्वतःचीच लाज वाटली.

"ताई," ती म्हणाली, "हे सगळं मी केलं. चांदणी, मेंढ्या, गहू, सगळं. आणि पोरीला सांगितलं, तू केलं म्हण."

आत्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मग हिनं काय केलं?"

फिलू आत गेली, पिंपामागचं झाकण उचललं आणि आणून आत्यापुढे ठेवलं. उजेडात ते आणखीच उजाड दिसत होतं. "हे हिचं," ती म्हणाली. "रोज उकरायची, म्हणून असं झालं."

"रोज उकरायचीस?" आत्यानं इनेसला विचारलं. "कशाला गं?"

"बघायला," इनेस अगदी हळू म्हणाली.

"मग काय दिसलं?"

तेवढंच पाहिजे होतं. इनेस पळत जाऊन खाटेखालून पुठ्ठा घेऊन आली आणि आत्याच्या हातात देऊन बोट लावून सांगू लागली. "हा पहिल्या दिवशीचा, नुसता फुगलाय. हा दुसऱ्या दिवशीचा, त्याला इथे पांढरं टोक आलंय. हा तिसरा. याला मुळं आली, एक, दोन, तीन. चौथ्याला वरून सुई आली. सहाव्याची सुई उघडली आणि आतून पान आलं. असे अकरा आहेत. बाराव्या दिवशी आईनं शेत लपवलं."

फिलू बघतच राहिली. तिच्या कागदावर आकडे पाचपर्यंतच होते.

आत्यानं पुठ्ठा डोळ्यांजवळ नेला. "थांब, थांब. आधी काय आलं म्हणालीस? पान की मूळ?"

"मूळ," इनेस म्हणाली. "आधी खाली पाय काढतो, मग वर येतो."

"नक्की?"

"तू उकरून बघ."

आता आत्या ही काही चार वर्षांच्या पोरीच्या शब्दावर जाणारी बाई नव्हती. इनेसनं भिजत घातलेले चार दाणे आणून दिले. नवीन पेरायला म्हणून तिनंच दोन दिवसांपूर्वी ओल्या फडक्यात बांधून ठेवले होते. आत्यानं एक दाणा तळहातावर घेतला, खिडकीशी गेली आणि बराच वेळ बघत राहिली. दाण्याच्या टोकाला पांढरं मूळ डोकावत होतं आणि पानाचा पत्ता नव्हता.

"तीस वर्षं," आत्या म्हणाली, "तीस वर्षं मी फळ्यावर दाणा काढला आणि त्याला आधी पान काढलं. दिसायला चांगलं दिसतं म्हणून. एकाही पोरानं विचारलं नाही, आणि मीही कधी उकरून बघितलं नाही." मग ती फिलूकडे वळली. तिचा आवाज मऊ नव्हता, पण रागाचाही नव्हता. "तू आता गप्प बसली असतीस ना, तर मी हिला नेलं असतं. मला वाटलं असतं, घरी बसून पोर मुकी झाली. हिचे कपडे भरायला रिकामी पिशवीसुद्धा आणली होती."

"आणि आता?" फिलूनं कसंबसं विचारलं.

"आता त्या पिशवीत करंज्या भर. वास चांगला येतोय. आणि तो भिंतीवरचा कागद काढ."

फिलूला रडूही आलं आणि हसूही. तिनं इनेसला जवळ ओढलं. इनेसनं मात्र लगेच अंग सोडवून घेतलं, कारण आत्याच्या हातात तिचा दाणा होता आणि तो सुकायला लागला होता.

जेवणं झाली. आत्या संध्याकाळच्या होडीनं एकटीच गेली. मायलेकी धक्क्यावरून परत निघाल्या. वाटेत फिलू एकदम थांबली. तिच्या मनात मघापासून काहीतरी घोळत होतं.

"इनेस, आपण दाणे कसेही टाकतो. काही उलटे पडतात, काही आडवे. मग मुळाला खाली कुठे आहे ते कसं कळतं गं?"

इनेसनं आईकडे मान वर करून बघितलं. आईनं असं काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. "मला नाही माहीत," ती म्हणाली.

"मलाही नाही," फिलू म्हणाली.

घरी पोहोचल्यावर त्यांनी चूल पेटवण्याआधी दिव्याच्या चिमणीची काच बशीत उभी करून तिच्यात ओली माती भरली आणि काचेला लागून तीन दाणे पेरले. एक सरळ, एक आडवा आणि एक डोकं खाली करून. मग दोघीजणी काचेला नाक लावून बसल्या.

तात्पर्य: मुलाचं काम आपण सुबक करून दिलं की पाहुण्यांना दाखवायला होतं. मुलाला शिकायचं असेल, तर त्याला उकरू द्यावं, आणि जमल्यास शेजारी बसून आपणही बघावं.