कालचा खळगा

"मग मी काय आठवू, सर? परवाचं की कालचं?"

शितोळे मास्तर क्लबाच्या व्हरांड्यात चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली नाही.

"तुला काय आठवतं?"

"कालचंच."

"मग विचारतोस कशाला?"

वेदांग परांडेकरला या उत्तराचा रागच आला. रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. उजाडताच तो मास्तरांना शोधत आला होता, आणि म्हाताऱ्याला चहा महत्त्वाचा!

प्रकरण साधं होतं. राज्याच्या गोल्फ संघाची निवड होती, खेळ तीन दिवसांचा, आणि जागा दोनच. पुढच्या वर्षी वेदांग या वयोगटात बसणार नव्हता. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

पहिल्या दिवशी शेवटच्या हिरवळीवर त्यानं कमाल केली. गोल्फमध्ये हिरवळीवर आल्यावर बॉल मारत नाहीत, काठीनं हलकेच ढकलून खळग्यात घालतात. त्याला पट म्हणतात. वेदांगनं पार टोकावरून पट केला. बॉल उतारावर वळला, रेंगाळला, आणि टुपकन खळग्यात पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या रात्री वेदांगनं तो पट आईला सांगितला, मावशीला सांगितला, सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा सांगितला. बिचाऱ्या वॉचमनला गोल्फ म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं.

आणि काल, त्याच हिरवळीवर, हातभर अंतरावरून त्याचा पट हुकला. शेंबड्या पोरानं डोळे मिटून टाकला असता असला पट! दिवसभर पहिल्या दोघांत असलेला वेदांग तिसऱ्या नंबरावर घरी गेला.

"खेळाडूंना धीर द्यायला येतात त्या डॉक्टर बाई म्हणतात, मनात फक्त चांगलं आण," वेदांग म्हणाला. "झोपताना परवाचा पट डोळ्यांसमोर आणायचा."

"आणलास?"

"आणला. तो आला की त्याच्या पाठोपाठ कालचा येतो."

"आणि तुझे वडील?"

"ते म्हणतात, चूक विसरायची नाही. लक्षात ठेवायची, टोचू द्यायची. त्यातूनच माणूस घडतो."

कोळसा उगाळावा तितका काळाच. पण परांडेकरांच्या घरात हे कोण कुणाला सांगणार? वडील स्वतः जुन्या चुका उगाळतच जगत आले होते.

मास्तरांनी बशीतल्या चहावर फुंकर घातली.

"मी नाव मागे घेतोय, सर," वेदांग म्हणाला. "ऑफिसात सांगायला चाललो होतो. म्हटलं, आधी तुम्हाला सांगावं."

खरं म्हणजे त्याला नाव मागे घ्यायचंच नव्हतं. मास्तरांनी दचकावं, पाठीवर हात ठेवावा, 'अरे, तुझ्यासारखा खेळाडू मी पाहिला नाही' असं काहीतरी म्हणावं, एवढ्यासाठी तो आला होता. हरभऱ्याच्या झाडावर चढायला तो तयार होता, कुणीतरी चढवायला हवं होतं.

"बरं," मास्तर म्हणाले.

"बरं?"

"तुझं नाव आहे. ठेव नाहीतर काढ."

सात वर्षं या माणसाकडे शिकून शेवटी हे ऐकायचं!

मास्तरांनी बशी ठेवली. तोंड पुसलं.

"जायच्या आधी मला दाखव मात्र," ते म्हणाले. "मी काल लवकर घरी गेलो होतो. कुठं हुकला तो?"

शेवटची हिरवळ व्हरांड्याला लागूनच होती. दव अजून वाळलं नव्हतं. पलीकडे पहिल्या टीजवळ, म्हणजे जिथून खेळ सुरू होतो तिथं, खेळाडू जमायला लागले होते आणि कुणीतरी भोंगा नीट करत होतं.

वेदांग तरातरा चालत गेला आणि एका जागी थांबला.

"इथं."

त्याच्या पायापाशी गवतावर एक गोल दिसत होता. ताटलीहून लहान, रंगानं जरा पिवळट. स्पर्धेत दर पहाटे माळी हिरवळीवर नवा खळगा कापतात, आणि जो गोळा निघतो तो जुन्या खळग्यात ठोकून बसवतात. चार दिवस त्याची खूण राहते, मग तीही जाते.

"कसा हुकला?"

"असा."

खेळाआधी मैदानावर बॉल टाकायला मनाई असते. वेदांगनं नुसतीच काठी धरली. गुडघे वाकवले. श्वास रोखला. बॉल नसलेल्या जागेवरून त्यानं काठी हळूच पुढे नेली आणि मान वळवून त्या पिवळट गोलाकडे पाहिलं.

त्याचा चेहरा आंबला.

"च्! परत उजवीकडून गेला."

"काय गेलं?" मास्तरांनी विचारलं.

वेदांगनं काठी जमिनीला टेकवली.

"बॉल नाही, खळगा नाही," मास्तर म्हणाले, "तरी हुकवलास. हे काम सोपं नाही."

वेदांगचे कान तापले. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, पण मास्तर पुढे निघाले होते.

"आता परवाचा दाखव."

हे ऐकल्यावर मात्र गड्याची चाल बदलली. तो हिरवळीच्या टोकाला गेला. उतार दाखवला, वारा कुठून होता ते सांगितलं, बरोबरचा खेळाडू कसा तोंडात बोट घालून बघत होता तेही सांगितलं. मग काठी फिरवली आणि दूरवरच्या दुसऱ्या एका गोलाकडे बघत राहिला. तो गोल आता जवळजवळ हिरवा झाला होता.

वेदांगची मूठ आपोआप वर गेली.

"गेला!"

"वा," मास्तर म्हणाले.

वेदांग हसला. हसू चेहऱ्यावर असतानाच त्याला मास्तरांचे डोळे दिसले, आणि मूठ कुठे ठेवावी ते त्याला कळेना.

...

आजचा खळगा हिरवळीच्या तिसऱ्याच कोपऱ्यात होता, वाळूच्या खड्ड्याच्या काठावर. त्यात झेंडा उभा होता. वेदांगनं तिकडे अजून एकदाही पाहिलं नव्हतं.

मास्तरांनीही तिकडे बोट दाखवलं नाही.

ते बोट न दाखवणंच वेदांगला झोंबलं. सकाळपासून साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"तुम्हाला सोपं आहे हो बोलायला! लोका सांगे ब्रह्मज्ञान. आणि तुम्ही स्वतः? तुमचा तो पट अख्ख्या क्लबाला पाठ आहे. देशाच्या संघात जाणार होतात, वीतभरावरून हुकलात. नवा मेंबर आला की त्याला बसवून सांगता. वारा कुठून होता, गवत कसं होतं, कोण खोकलं. माझी तर एकच रात्र झालीय, सर. तुमची चाळीस वर्षं झाली!"

बोलून झाल्यावर त्याला वाईट वाटलं. पण शब्द गेले ते गेले.

मास्तरांच्या गालाचा स्नायू हलला. ते खाली बघत राहिले. आता ते आपल्याला हाकलून देणार, असं वेदांगला वाटलं, आणि खरं सांगायचं तर हाकलून दिलं असतं तर त्याला बरंही वाटलं असतं.

"खोकलं होतं खरं कुणीतरी," मास्तर म्हणाले.

...

भोंगा खरखरला.

"वेदांग परांडेकर. पहिल्या टीवर या. वेदांग परांडेकर."

वेदांगला ऐकू आलं. टी हाकेच्या अंतरावर होता. वेळेवर पोचलं नाही तर नाव आपोआप कटतं, मग मागे घ्यायचीही गरज राहत नाही. हे सगळं त्याला ठाऊक होतं. पण तो फिरून कालच्या गोलापाशी येऊन उभा राहिला होता आणि पाय तिथून निघत नव्हते.

"आधी उत्तर द्या, सर. मग जातो. तुम्ही काय केलंत त्या पटाचं?"

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. आरशात बघावं तसं पाहिलं, आणि ते वेदांगला रागापेक्षा जड गेलं.

"ते मैदान केव्हाच विकलं गेलं," मास्तर म्हणाले. "तिथं आता सोसायटी आहे."

"मग?"

"त्या हिरवळीवर बी विंग आली. बरोबर त्या जागेवर. मी नकाशा काढून बघितला."

"मग, सर?"

"मी तिथंच घर घेतलं. बायको नको नको म्हणत होती. घरात ऊन येत नाही."

भोंग्यानं दुसऱ्यांदा नाव पुकारलं. या वेळी आवाज जरा चढला होता.

वेदांग हलला नाही.

मास्तरांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, हातात खुळखुळवला आणि फाटकाकडे चालू लागले. चार पावलांवर ते थांबले. मागे वळले नाहीत.

"ये राहायला," ते म्हणाले. "शेजारचा फ्लॅट रिकामा आहे."